वरातीची घोडी, जुनी पिकअप आणि वहीतलं एक पान

आजचा भाग जरा घरचा आहे. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून काढा, कारण या भागात आकडे खूप आहेत आणि आकडे कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्याने बघितलेले बरे.

आमचे काका संभाजीनगरात वरातीच्या घोड्या ठेवतात. दोन घोड्या, एक मोतद्दार, आणि तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतचा सीझन. शहरातल्या वराती पायी होतात. पण पैठण, गंगापूर, फुलंब्री, सिल्लोड इकडच्या ऑर्डरला घोडी गाडीत घालूनच न्यावी लागते. आजवर टेम्पो भाड्याने आणायचो.

मागच्या सीझनला काय झालं, भाड्याच्या टेम्पोत खाली नुसता लोखंडी पत्रा होता. चढावर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि घोडी गुडघ्यावर बसली. जखम फार मोठी नव्हती, पण दोन महिने ती उभी राहिली ती तबेल्यातच. दोन महिने म्हणजे सगळा उन्हाळी सीझन. त्या दिवशी काका म्हणाले, "आता गाडी आपलीच पाहिजे. एक घोडी विकतो आणि जुनी पिकअप घेतो."

मी म्हटलं, "काका, घोडी विकायच्या आधी मला एक वही द्या, एक रविवार द्या."

त्या वहीत जे निघालं तेच आज सांगतोय.

गाडी केवढी हवी?

पहिला प्रश्न किमतीचा नाही, मापाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई नावाचा नियम आहे. जनावरं वाहणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि घोडा किंवा घोडीला किमान २.२५ चौरस मीटर जागा हवी, असं तो सांगतो. म्हणजे साधारण २४ चौरस फूट. पिकअपचा हौदा धरा ९ बाय साडेपाच फूट, म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट. दोन घोड्या बसतात, तिसरी नाही. कोणी "तीन आरामात बसतात" म्हणालं तर ते आराम त्याचे, घोडीचे नव्हेत.

मग मोठी गाडी का नको? एक तर इन्शुरन्स आणि टायरचा खर्च वाढतो. दुसरं, आपण डिसेंबरात सारंगखेड्याला जातो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार, ज्याला आता चेतक फेस्टिव्हल म्हणतात, तोच. आपला तिकडचा सरळ रस्ता कन्नडच्या औट्रम घाटातून, आणि तिथे २०२३ साली जड वाहनांना बंदी आली. छोटी गाडी असली की ही डोकेदुखी नाही.

अजून एक गोष्ट आरसीवर बघायची: जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. लायसन्सचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंतच्या अशा गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं.

घेताना किती जातात?

आम्हाला दहा वर्षं जुनी एक पिकअप ३,४०,००० रुपयांत मिळत होती. काकांच्या डोक्यात तेवढाच आकडा. वहीत तो असा वाढला:

गाडी: ३,४०,०००
नावावर करणं आणि कागद: ८,०००
क्लच, पाटे, ब्रेक, बॅटरी: ३८,०००
चार टायर: २६,०००
घोडीसाठीचं काम: ५५,०००
एकूण: ४,६७,०००

म्हणजे सांगितलेल्या किमतीवर सव्वा लाखाहून जास्त. जुन्या गाडीत हे ठरलेलंच आहे.

घोडीसाठीचं काम म्हणजे काय, तेही सांगतो, कारण इथेच लोक पैसे वाचवतात आणि घोडी गमावतात. १९७८ चे जनावर वाहतुकीचे नियम आहेत, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. तळाला न घसरणारं काहीतरी हवं, आम्ही जाड रबरी मॅट धरली. बाजूचा पत्रा बुटका असेल तर उंच करायचा. दोन जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन मजबूत आडवे दांडे. घोडीचं तोंड डावीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांपासून लांब. सोबत माणूस पाहिजेच. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. याशिवाय चढा-उतरायला फाळक्याला जोडलेला रॅम्प आणि बाजूंना गादी.

३५ चा वेग ऐकून मी पण हसलो होतो. पण घोडी गाडीत बसत नाही, उभी असते, आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला चार पायांवर तोल सांभाळत असते. आपण सीटवर बसून दमतो, ती तर व्यायाम करत येते. सारंगखेडा सुमारे २३० किलोमीटर धरलं तर ३५ ने साडेसहा तास, वर पाण्याचे थांबे. म्हणजे निघायचं पहाटे. लगाम आखूड बांधू नका, घोडीला मान खाली घालता आली पाहिजे, नाहीतर घशातली घाण छातीत उतरते आणि ती आजारी पडते.

दरवर्षी किती जातात?

आता खरी गंमत. गाडी दारात उभी असली तरी खाते.

इन्शुरन्स: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी दर २०२२ मध्ये १६,०४९ रुपये ठरला, वर जीएसटी. मालकाचा अपघात विमा धरून आम्ही १८,००० लिहिले. यात आपली घोडी येत नाही बरं का. तिचा विमा वेगळा. आणि हौद्याचं काम केलंय हे कंपनीला आधी कळवायचं.

पासिंग, टॅक्स, पीयूसी: १२,०००. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. करोडीच्या ट्रॅकवर एक दिवस जातो तो वेगळा. पंधरा वर्षांची झाली की पासिंगची फी कितीतरी पटीने वाढते, म्हणून "तेरा-चौदा वर्षांची आहे, स्वस्त मिळतेय" याला भुलू नका.

टायर आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायचे: ११,०००
सर्व्हिस, गॅरेज: ३०,०००
अचानक मोडली तर, महिन्याला २,००० प्रमाणे: २४,०००

झाले ९५,०००. वर घसारा. पाच वर्षांनी ही गाडी १,६७,००० ला गेली असं धरलं, तर ३ लाख गेले, म्हणजे वर्षाला ६०,०००. एकूण १,५५,००० रुपये वर्षाला, एकही किलोमीटर न चालवता.

चालवायचा खर्च सोपा आहे. डिझेल ९० रुपये, घोडी भरून लिटरला ११ किलोमीटर, म्हणजे आठ रुपये वीस पैसे. ऑइल-पंक्चर धरून ९ रुपये.

भाड्याने की आपली?

आमच्या वर्षाला बाहेरगावच्या ५० फेऱ्या होतात. भाड्याने सरासरी ३,००० प्रमाणे दीड लाख, आणि सारंगखेड्याचे १२,०००. एकूण १,६२,०००.

आपली गाडी असेल तर: १,५५,००० ठरलेले, ५० फेऱ्या ८० किलोमीटरच्या म्हणजे ३६,०००, सारंगखेडा जाऊन-येऊन ४,१४०. एकूण १,९५,१४०. तेही काका स्वतः चालवणार हे धरून.

म्हणजे घोडी विकून, गाडी घेऊन, वर्षाला ३३,००० चा तोटा. वर एक घोडी कमी, म्हणजे कमाई पण कमी.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चातुर्मासात गाडी रिकामीच असते. जाधववाडीतून भाजीपाल्याची भाडी मारू." मलाही पटलं होतं. पण तोच १२५-ई परत आडवा आला. जनावरांसाठी केलेल्या गाडीत दुसरा माल न्यायचा नाही, आणि अशा गाडीला आरटीओची वेगळी परवानगी लागते. म्हणजे लग्नं आठ महिने, खर्च बारा महिने.

"मग लोन काढू, घोडी राहू दे." ठीक. अडीच लाख, समजा १६ टक्क्यांनी, तीन वर्षं. हप्ता साधारण ८,८००, आणि व्याजाचेच ६६,००० च्या वर. हप्ता चातुर्मास पाळत नाही.

मग काय केलं?

वहीतून एक आकडा मिळाला होता. एका फेरीला भाडं ३,०००, आपली गाडी ७२० मध्ये जाते, वाचले २,२८०. या हिशोबाने ६५ फेऱ्या झाल्या तर गाडी परवडते. आमच्या ५०.

आमच्या गल्लीत अजून दोन घोडीवाले आहेत. दोघांच्या मिळून ४० फेऱ्या. तिघांच्या ९०. सोपं वाटतं ना? पण लग्नाच्या तिथी सगळ्यांच्या एकच असतात. दाट तिथीला तिघांनाही गाडी त्याच संध्याकाळी पाहिजे. म्हणून तिघांच्या डायऱ्या समोर ठेवल्या आणि टक्कर होणाऱ्या तारखा खोडल्या. उरल्या ७१. खोडलेल्या तारखांना भाड्याचा टेम्पो, पण रबरी मॅट आपली घेऊन.

७१ म्हणजे फायदा थोडाच, पण तोटा नाही. आणि घोडीचे गुडघे शाबूत. तिघांनी मिळून गाडी घ्यायची ठरलं, प्रत्येकी दीड लाखाच्या आसपास. आरसी एकाच्या नावावर, पण बाकी सगळं स्टॅम्प पेपरवर: डिझेल कोणाचं, मोडली तर कोण भरणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर काय. दोस्ती आहे म्हणूनच लिहून ठेवायचं.

जाता जाता

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हे विसरू नका. मॅट उचलून तळाचा पत्रा आणि चेसिस बघा, गंज तिथेच लपतो. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. परिवहनच्या अॅपवर लोनचा बोजा आणि थकलेली ई-चलनं बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी लागलीय का बघा. आणि घोडी घेऊन निघताना डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. बाजाराला जाणार असाल तर ग्लँडर्सच्या तपासणीचं आधीच विचारा. त्या रोगाला इलाज नाही, तो माणसालाही होतो.

घोडी विकली नाही. परवा काका तिला खरारा करत होते, मला बघून एवढंच म्हणाले, "वही जपून ठेव."

तुमच्या घरात असा एखादा "घेऊन टाकू" चा निर्णय अडकलाय का? आधी एक पान लिहा. भेटू पुढच्या भागात.