कागदात नाव आहे, सही नाही

“वकीलबाई, कागदात माझं नाव आहे, मग दावा का लावता येणार नाही?” दिवाणी कोर्टात हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. नियम असा, की करार ज्यांच्यात झाला त्यांनीच एकमेकांवर दावा लावायचा. कागदात तिसऱ्याचा कितीही फायदा लिहिलेला असो, त्या करारापुरता तो परकाच.

इंग्लंडमध्ये १८६१ साली हा नियम पक्का झाला. विल्यम ट्वेडलच्या लग्नानंतर त्याचे वडील आणि सासरे यांनी लेखी ठरवलं, की वडिलांनी त्याला १०० पौंड द्यायचे आणि सासऱ्यांनी २००. पैसे मिळाले नाहीत तर विल्यमला दावा लावता येईल, हेही त्यात लिहिलं होतं. सासरे पैसे न देताच वारले. विल्यम कोर्टात गेला आणि हरला, कारण त्याने स्वतः काहीच मोबदला दिला नव्हता.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यात मोबदला दुसऱ्या कोणी दिला तरी चालतो. परक्याने दावा लावायचा नाही, हा नियम मात्र इथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एम. सी. चाको खटल्यात तो कायम ठेवला.

याला अपवाद आहेत, आणि त्यातला हुसैनी बेगमचा खटला प्रत्येक घरात माहीत असावा असं मला वाटतं. १८७७ साली तिचं लग्न ठरलं तेव्हा नवरा-नवरी दोघंही अज्ञान होते. सुनेला दरमहा ५०० रुपये ‘खर्च-ए-पानदान’, म्हणजे हातखर्च, देईन असं सासऱ्याने तिच्या वडिलांना लिहून दिलं आणि त्यासाठी मिळकतीवर बोजा ठेवला. पुढे ती नवऱ्याचं घर सोडून गेली आणि तिने थकबाकी मागितली. करार तिच्याशी झालाच नव्हता, असा बचाव सासऱ्याने ट्वेडलच्या खटल्याचा आधार देऊन घेतला. १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. जिथे अज्ञान मुलांची लग्नं आईबाप ठरवतात, तिथे हा नियम सरसकट लावला तर मोठा अन्याय होऊ शकतो, असं निकाल देताना सय्यद अमीर अली यांनी म्हटलं.

आमच्याकडे येणारी वाटणीपत्रं बघा. ‘आईस तहहयात पोटगी द्यावी, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा खर्च थोरल्याने करावा’ असं लिहिलेलं असतं आणि खाली सह्या फक्त भावांच्या. अशा कौटुंबिक व्यवस्थेत आई किंवा बहीण दावा लावू शकते, हे कोर्टांनी मान्य केलं आहे. पण भाऊ पैसे देत नाही म्हटल्यावर, तो अपवाद आपल्याला लागू होतो हे सिद्ध करायचं ओझं तिच्याच डोक्यावर येतं, आणि त्यापायी तारखांमागून तारखा पडत राहतात.

इंग्लंडने १९९९ मध्ये कायदा करून अशा तिसऱ्या माणसाला हक्क दिला. आपल्या विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केली होती, पण ती कायद्यात उतरली नाही. ती उतरायलाच हवी. तोवर माझं कळकळीचं सांगणं एवढंच: जिच्यासाठी कागद करता, तिला त्यात पक्षकार करा, तिची सही घ्या आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवा.