दुधावांचूनचा शाकाहार

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या कोजागिरीची गोष्ट. आमच्या गच्चीवर प्रतिवर्षाप्रमाणें आटीव दुधाचें पातेलें चांदण्यांत ठेवलेलें होतें. केशर, वेलदोडे, चारोळी असा सगळा थाट होता. सर्वांच्या हातीं पेले गेले. परंतु माझ्या नातीनें आपला पेला हळूच बाजूला सारला. ती महाविद्यालयांत शिकते. "आजोबा, मी यापुढें दूध घेणार नाहीं. दहीं, ताक, लोणी, तूप कांहींच नाहीं," ती म्हणाली. आमचें घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांतून आणखी काय वजा करावयाचें राहिलें, असें मीं किंचित् रागानेंच विचारलें. उत्तर न देतां तिनें मलाच प्रश्न केला, "आजोबा, म्हशीला दूध केव्हां येतें?" "व्यायल्यावर," मी म्हणालों. "मग तिला झालेले रेडे पुढें कोठें जातात?"

उभा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलेला मी मास्तर. पण त्या रात्रीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतांना जें जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. मी वैद्य नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तेव्हां जें पडताळून घेतां आलें, तेवढेंच सांगेन.

या आहारास आज जगभर 'व्हीगन' आहार म्हणतात. हा शब्द इंग्लंडांत जन्मास आला. डोनाल्ड वॉटसन नांवाच्या गृहस्थानें व त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनीं १९४४ च्या नोव्हेंबरांत एक संस्था स्थापन केली आणि 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं तीन व शेवटचीं दोन अक्षरें जोडून हें नवें नांव घेतलें. मांस, मासे व अंडीं शाकाहारी मनुष्य घेतच नाहीं. व्हीगन मनुष्य त्यापुढें जाऊन दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मध हींही वर्ज्य करतो. काटेकोरपणें वागणारे रेशीम, लोकर व कातडेंही वापरीत नाहींत. म्हणजे आपल्या पंचामृतांतील एकटी साखर तेवढी उरते, आणि आपण परम पवित्र समजून पूजेस नेसतों तो रेशमी कदही बाद होतो!

आतां नातीच्या प्रश्नाकडे येतों. जनावर व्यायल्यावांचून दूध देत नाहीं. गाय सुमारे नऊ महिने व म्हैस सुमारे दहा महिने गाभण राहते. ती व्याली कीं दूध, आणि दूध चालू असतांनाच तिला पुन्हां गाभण करणें, असें हें चक्र आहे. जन्मणाऱ्या वासरांत सुमारें निम्मे नर असावयाचे, हा सृष्टीचा नियम. पूर्वीं गोऱ्हा मोठा होऊन नांगरास व मोटेस जुंपला जाई. आज शेतांत ट्रॅक्टर आला आणि मोट तर दिसेनाशीच झाली. त्यांतून आपल्या देशांतील दुधाचा जवळजवळ अर्धा भाग म्हशींचा, आणि रेड्याला पूर्वींही बैलाइतकें काम नव्हतें. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी झाली. २०१५ पासून वळू व बैल यांनाही ती लागू झाली. रेड्यांना तसें सरसकट संरक्षण नाहीं. तेव्हां जो दूध देत नाहीं आणि नांगरही ओढीत नाहीं, त्याचें काय होत असेल हें स्पष्ट बोलावयास नको. सर्वच गोठे निर्दय असतात असें माझें म्हणणें नाहीं. जनावरावर पोटच्या पोरासारखी माया करणारे शेतकरी मीं पाहिले आहेत. परंतु 'दुधांत हिंसा नाहीं' हें वाक्य मी वर्गांत जितक्या सहजपणें उच्चारीत असें, तितक्या सहजपणें आतां उच्चारवत नाहीं.

हा विचार आपल्याकडे अगदींच नवा नव्हे. कलकत्त्याकडील गवळी अधिक दूध काढण्यासाठीं गाईम्हशींवर 'फुंका' नांवाचा क्रूर प्रयोग करतात, हें महात्मा गांधींच्या वाचनांत आलें होतें. हा प्रकार १९६० च्या कायद्यानें दंडनीय आहे. गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील टॉल्स्टॉय फार्मवर आपले मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडलें. १९१८ सालीं गुजराथेंत खेडा जिल्ह्यांत आमांशानें ते मरणाच्या दारापर्यंत गेले. डॉक्टर दुधाचा आग्रह धरीत. गांधीजी व्रत मोडीनात. अखेर मुंबईस डॉक्टर दलाल यांच्यासमोर कस्तुरबांनीं सुचविलें कीं, व्रत घेतांना गाईम्हशींचें दूध मनांत होतें, तर शेळीच्या दुधास हरकत कोणती? गांधीजींनीं तें घेतलें. परंतु आपण व्रताचा शब्द राखला आणि आशय गमावला, ही खंत त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें नमूद केली आहे.

या हकीकतीवरून दुधावांचून मनुष्य जगतच नाहीं, असें अनुमान काढणारे पुष्कळ भेटतात. तें बरोबर नाहीं. त्यांचें दुखणें आमांशाचें होतें. शिवाय वनस्पतींत मुळींच नाहीं असें दुधांत नेमकें काय आहे, हें त्या काळीं ठाऊक नव्हतें. ज्या १९४८ सालीं गांधीजी गेले, त्याच सालीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें. त्याचें नांव जीवनसत्त्व ब-१२. माझ्या आजच्या भाषणाचें सार म्हणाल तर या एका नांवांत आहे.

दुधापासून आपणांस मुख्यतः तीन गोष्टी मिळतात : प्रथिनें, कॅल्शियम आणि हें ब-१२. पैकीं पहिल्या दोहोंची भरपाई आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. दुधांत प्रथिनें शेंकडा तीन-चार; कारण त्यांत बहुतेक पाणीच. डाळींत तीं शेंकडा बावीस ते चोवीस, शेंगदाण्यांत शेंकडा पंचविसाच्या आसपास आणि सोयाबीनमध्यें त्याहूनही अधिक. धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते, आणि डाळींतील उणीव धान्य भरून काढतें. आपलें वरण-भात, पिठलें-भाकरी हें जोडपें कोण्या शास्त्रज्ञानें जुळविलेलें नाहीं. पण शास्त्रानें त्यास मान्यता दिली आहे. कॅल्शियमचें पाहावें तर १०० ग्रॅम नाचणींत तें सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें, तितक्याच वजनाच्या गाईच्या दुधांत सुमारें १२०. नाचणींतील सगळें अंगीं लागत नाहीं हें खरें; परंतु तिला मोड आणून दळल्यास तें अधिक पचनीं पडतें. तिळांतही तें विपुल आहे.

चवीच्या दृष्टीनेंही आम्हांस वाटली होती तितकी अडचण आली नाहीं. उसळ, आमटी, भाजणीचें थालीपीठ, तिळाची चटणी यांत दूध कधींच नव्हतें. ताकाच्या जागीं नारळाच्या दुधाची सोलकढी आली. मालवणाकडे शिरवाळे नारळाच्या रसांत खातात, ते आमच्याकडे सणास होऊं लागले. अर्थात् नारळाचें दूध हें चवीपुरतें. तें गाईच्या दुधाची भरपाई करतें असें मात्र कोणीं समजूं नये. तयार पदार्थ घेतांना वेष्टण वाचावें लागतें, कारण बिस्किटांपासून चॉकोलेटापर्यंत दुधाची भुकटी कोठें दडलेली असेल याचा नेम नाहीं. २०२२ च्या नियमांन्वयें अशा आहाराच्या पदार्थांसाठीं सरकारनें स्वतंत्र हिरवी खूणही ठरविली आहे.

ब-१२ ची गोष्ट मात्र निराळी आहे. तें कोणतीही वनस्पति करीत नाहीं, आणि नवल असें कीं, कोणताही प्राणीसुद्धां करीत नाहीं. तें केवळ सूक्ष्म जंतूच करतात. गाईच्या पोटांतील जंतु चाऱ्यांतील कोबाल्ट या धातूच्या अंशापासून तें बनवितात आणि मग तें तिच्या दुधांत उतरतें. मोठ्या माणसास तें रोज सुमारें २·४ मायक्रोग्रॅम लागतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांवा भाग. एवढेंसें द्रव्य न मिळालें तर पंडुरोग होतो, हातापायांस मुंग्या येतात, चाल अडखळते, स्मरण मंदावतें. पुनः तें आपल्या यकृतांत सांठविलेलें असतें, व भरलेला सांठा कित्येक वर्षें पुरतो. त्यामुळें दूध सोडणारा मनुष्य पहिलीं दोन-तीन वर्षें ठणठणीत असतो आणि लोकांना सांगतो कीं, पाहा, मला कांहींसुद्धां झालें नाहीं!

यांत आणखी एक फसगत आहे, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशीं जुळतो. लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टर १९२८ सालीं मुंबईस आली व गिरणीकामगार वर्गांतील गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा तिनें अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें त्या बऱ्या होतात असें तिला आढळलें. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल, हें पुढें ठरलें. पालेभाज्या व डाळी यांत तें भरपूर असतें. ब-१२ च्या अभावीं होणारा पंडुरोगही फोलिक आम्लानें झांकला जातो. परंतु मज्जातंतूंची हानि त्यानें थांबत नाहीं. म्हणजे पालेभाज्या व डाळी भरपूर खाणाऱ्या माणसाचें रक्त वरकरणीं चांगलें दिसतें आणि आंतून नसा मात्र झिजत राहतात.

हें वाचल्यावर मला नातीची काळजी वाटूं लागली. मीं तिला रक्त तपासून घेण्याचा आग्रह केला. "तुम्हीही तपासून घेणार असाल तर मी येतें," तिनें अट घातली. मीं हंसून मान्य केलें. मी तर नित्य दूध घेणारा! चार दिवसांनीं अहवाल आले. तिचें ब-१२ कसेंबसें मर्यादेंत होतें. माझें मर्यादेच्या पुष्कळ खालीं. माझ्या पायांना वर्षभर मुंग्या येत होत्या, त्या मी वार्धक्याच्या खातीं टाकीत होतों. डॉक्टरांनीं इंजेक्शनें मला दिलीं.

मग मीं मास्तराच्या संवयीनें हिशेब मांडला. १०० मिलिलिटर दुधांत ब-१२ सुमारें ०·४ मायक्रोग्रॅम. माझे दिवसाचे चार कप चहा, कपास दूध ४० मिलिलिटर. म्हणजे दिवसाकाठीं जेमतेम ०·६४ मायक्रोग्रॅम. शिवाय दूध उकळल्यानें त्यांतील कांहीं अंश नाश पावतो, आणि उतारवयांत तें शोषून घेण्याची जठराची शक्तिही मंदावते. गरजेचा चतुर्थांश घेऊन मी स्वतःस दूधपिता समजत होतों! आणि मी एकटाच नव्हे. पुण्यांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें व आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळलें. ज्यांचा सांठा असा मुळांतच अर्धा, त्यांनीं दूध सोडल्यावर कित्येक वर्षें थांबण्याचें कारण नाहीं. उणीव लवकरच गांठते.

म्हणून दूध सोडूं इच्छिणाऱ्या तरुणांस माझें सांगणें एवढेंच. ज्या दिवशीं पेला बाजूला साराल, त्याच दिवसापासून ब-१२ ची गोळी सुरू करा. मात्रा किती, तें डॉक्टरांस विचारा. ही गोळी जंतूंच्या संवर्धनापासून करतात, त्यामुळें तिनें व्रतास बाध येत नाहीं. वेष्टण मात्र पाहून घ्यावें, कारण कॅप्सूलच्या आवरणांत प्राणिज जिलेटिन असूं शकतें. पाण्यांतील शेवाळ, आंबविलेले पदार्थ यांवर विसंबूं नका. शेवाळांत आढळणारें तत्सम द्रव्य बहुतांशी मनुष्याच्या उपयोगीं पडत नाहीं. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुलें यांच्या बाबतींत वैद्यकीय सल्ल्यावांचून पाऊल टाकूं नये. आईच्या अंगीं ब-१२ नसेल तर तिच्या दुधांतही तें नसतें, आणि तान्ह्या मुलाच्या मेंदूची झालेली हानि कधींकधीं पुरती भरून येत नाहीं.

आणि माझ्या पिढीच्या गृहस्थांस व गृहिणींस विनंती अशी कीं, मुलांनीं पेला सारला म्हणून रागावूं नका, आणि आपण दूध घेतों या भरंवशावर निश्चिंतही राहूं नका. त्यांच्याबरोबर आपणही एकदां रक्त तपासून घ्या.

मीं अद्यापि दूध सोडलेलें नाहीं. माझ्या पुढ्यांत सकाळीं दुधाचा चहा असतो, नातीच्या पुढ्यांत कोरा. रेड्यांविषयींचा तिचा प्रश्न मला अजून सुटलेला नाहीं, आणि तीही तो रोज उकरून काढीत नाहीं. चहा झाला कीं ती डबी उघडते आणि एक गोळी माझ्या हातावर ठेवून दुसरी स्वतः घेते.