शेपटीचे दोन मणके

जबलपूरला बडा सिमला नावाची टेकडी आहे. 1828 साली तिथे कॅप्टन विल्यम स्लीमन यांना हाडं सापडली, पण पार दगड झालेली! कुणाची असतील? सांगणार कोण? तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता!

पुढे 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यातले शेपटीचे दोन मणके निरखून पाहिले. पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची गोट्यासारखी फुगीर. म्हणजे एका मणक्याचा गोटा त्याच्या मागच्या मणक्याच्या वाटीत घट्ट बसायचा. तुमच्या पुस्तकातला उखळीचा सांधाच की! मगरीचे मणके असे असतात, पण डायनोसॉरच्या शेपटीत? लिडेकरना हे फार वेगळं वाटलं आणि त्यांनी या प्राण्याचं बारसं केलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. दोन मणक्यांवरून अख्ख्या प्राण्याला नाव!

पण दोस्तांनो, पुढे जगात ठिकठिकाणी असेच मणके निघू लागले. वाटी-गोट्याची खूण एका जातीची नव्हतीच, ती एका मोठ्या कुळात सर्रास आढळत होती. म्हणून 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी ते जुनं नाव बाद ठरवलं. कुळाला मात्र आजही टायटॅनोसॉर असंच म्हणतात.

मग जात ओळखायची कशी? त्यासाठी मणक्यांची माळच हवी. मानेचा मणका वेगळा, पाठीचा वेगळा, शेपटीचा आणखी वेगळा. पाठीच्या मणक्यांना बरगड्या टेकायच्या जागा असतात. मान आणि पाठीच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या असतात, अगदी आजच्या पक्ष्यांसारख्या. त्यामुळे एवढं मोठं धूड असूनही हाडं हलकी राहायची. मला तर ही युक्ती फारच आवडते!

अशी माळ सापडली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथून मान, पाठ, कंबर, शेपटी अशा सगळ्या भागांतले मणके खणून काढले, शिवाय खांद्याची आणि पुढच्या पायाचीही हाडं. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये ही नवी जात जगापुढे मांडली. आज तिला इसिसॉरस म्हणतात. यातलं ‘इसि’ त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय.

आणि हे प्राणी खायचे काय? ते मणके सांगत नाहीत. त्यासाठी त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जायला हवं. तिथे टायटॅनोसॉरची मानली जाणारी दगड झालेली विष्ठा मिळते, आणि तिच्यात शास्त्रज्ञांना चक्क गवताचे सूक्ष्म कण सापडलेत!