एजंट नक्की कुणाचा?

मुलांच्या शिक्षणासाठी आपण शहरात घर बघायला जातो, एजंट गोड बोलतो आणि आपण टोकन देऊन मोकळ्या होतो. तो आपल्या बाजूचा आहे का, हे विचारायचंच राहून जातं.

म्हणून आधी विचारूया, "दादा, तुमचं कमिशन कोण देणार?" बिल्डर देणार असेल, तर तो बिल्डरची बाजू बघणार. आपण देणार असू, तर किती आणि कधी, हे कागदावर लिहून घेऊया.

मग नोंदणी क्रमांक मागूया. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे, नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकायला एजंटचीही नोंदणी लागते. महाराष्ट्रात एजंटचा क्रमांक 'ए'ने, प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होतो. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही तपासता येतात. मोबाइल जमत नसेल, तर लेकीला सांगूया.

रेराबाहेरचं जुनं घर असेल, तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका आपल्याच वकिलाला दाखवूया.

आणि "आजच टोकन द्या, उद्या घर जाईल" म्हणून कुणी घाई केली, तर? घरी येऊया, गटात बोलूया. कष्टाचा पैसा आहे, एक दिवस थांबू शकतो.