गाणं वाजतंय, नोंद कुणाच्या नावावर?

मराठी मालिकेचं शीर्षकगीत आठवड्यातले सहा दिवस वाजतं, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर वेळा. त्यातून गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टी मिळायला हवी. ती कुणाला जाईल हे मात्र क्यू शीट नावाच्या एका तक्त्यावर ठरतं. कोणत्या भागात कोणती रचना वाजली, किती सेकंद, शीर्षकगीत म्हणून की पार्श्वसंगीत म्हणून, शब्द कुणाचे, चाल कुणाची, असे त्यात रकाने असतात. मालिकेच्या धावपळीत हा तक्ता बहुधा एखादा सहायक भरतो. मी पाहिलेल्या एका तक्त्यात संगीतकाराचं नाव नीट होतं आणि गीतकाराचा रकाना कोरा. गाणं मात्र शब्दांसकट रोज वाजत होतं.

ओळखीतल्या गीतकार-संगीतकारांना आणि दिवंगत गीतकारांच्या मुलांना मी या नोंदणीत मदत करतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘आम्हाला मानधन मिळालं होतं, आता आणखी कसले पैसे?’ पिढ्यानपिढ्या हेच मनावर ठसलेलं आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता, असा त्याचा अर्थ झाला. हे चित्र बदललं 2012 च्या दुरुस्तीने. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत किल्ला लढवला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणं सोडलं, तर रेडिओ, टीव्ही, हॉटेल, मोबाइल अशा इतर वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला आता सोडून देता येत नाही. करारात तसं लिहून घेतलं, तरी ते कलम कायद्यात टिकत नाही. हा हक्क द्यायचाच झाला तर तो वारसांना किंवा हक्क गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो.

ती संस्था म्हणजे मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, सगळ्यांच्या तोंडी आयपीआरएस. स्थापना 1969 ची. नव्या कायद्याखाली नोंदणी 2017 मध्ये झाली. चॅनेल, रेडिओ, स्ट्रीमिंग ॲप, हॉटेल, जाहीर कार्यक्रम यांच्याकडून ती पैसे गोळा करते. सर्वसाधारणपणे निम्मा भाग मालक कंपनीला जातो, उरलेल्या निम्म्यात गीतकार आणि संगीतकार यांचा सारखा, म्हणजे एकूण रकमेच्या प्रत्येकी चौथाई, वाटा. गायकाचा हिशेब यात येत नाही. गायकांची ‘इस्रा’ ही संस्था 2013 मध्ये उभी राहिली. गायकाला रॉयल्टी हवी म्हणून लताबाईंनी साठच्या दशकात आग्रह धरला आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचा काही वर्षं अबोला झाला, हे संगीतप्रेमींना ठाऊक आहेच. ज्या ढोलकीच्या तुकड्यावर गाणं उचललं जातं, तो वाजवणाऱ्याला मात्र सहसा शिफ्टच्या मानधनावरच घरी जावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

कोल्हापूरच्या एका वयस्कर गीतकारांच्या घरी आम्ही त्यांची जाड वही उघडून बसलो होतो. प्रत्येक गाण्याखाली त्यांनी तारीख, संगीतकार आणि गायक लिहून ठेवलेले. वहीतलं एकेक गाणं मी स्ट्रीमिंग ॲपवर शोधत होतो. कॅसेटच्या जमान्यातलं त्यांचं एक भक्तिगीत सापडलं, पण गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. काका बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘अहो, पहाटे एसटीत बसून लिहिलंय मी हे.’ गाणं पारंपरिक ठरलं की त्या शब्दांचा कुणी धनी उरत नाही आणि त्यांचा वाटाही मागता येत नाही. ही चूक दुरुस्त करायला पुरावा लागतो: कॅसेटचं वेष्टन, करार, पावती, काहीही. काकूंनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, त्यात ते वेष्टन निघालं. त्यावर बारीक अक्षरात काकांचं नाव छापलेलं होतं.

दुसरी अडचण नावांची. रोमन लिपीत एक ‘ए’ लिहायचा की दोन, यावरून एकच गाणं तीन ठिकाणी तीन नावांनी चढलेलं असतं. कुठे मुखड्याची पहिली ओळ, कुठे नुसते दोन शब्द, कुठे चित्रपटाचं नाव. म्हणून नोंदणीच्या वेळी मी पर्यायी नावांचा रकाना कधीच रिकामा सोडत नाही. सभासदाला आयपीआय नावाचा क्रमांक मिळतो आणि तो जगभर चालतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी असतो. हे जुळलं, की शिकागोत किंवा दुबईत वाजलेल्या मराठी गाण्याचा माग काढणं सोपं होतं. स्ट्रीमिंगच्या हिशेबात ओळीमागून ओळी पैशाच्या अपूर्णांकात असतात. बेरीज फार मोठी होत नाही, पण जे गाणं माणसाचं आहे, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

जाहीर कार्यक्रमांचं आणखी सोपं आहे आणि तिथेच जास्त आळस होतो. कोणती गाणी झाली ती यादी आयोजकाने द्यायची असते. यादीच नसेल, तर ते पैसे कुणाचे हे कळणार कसं? निवेदक मंचावर गीतकाराचं नाव आदराने घेतात. तेच नाव कागदावरही उतरू द्या.

शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. गदिमा 1977 च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचं संरक्षण 2037 च्या अखेरपर्यंत आहे. शांता शेळके यांच्यासाठी ते 2062 आणि जगदीश खेबुडकरांसाठी 2071. तुमच्या घरात कुणी गाणी लिहिली असतील, चाली लावल्या असतील, तर ते हयात असतानाच त्यांच्याकडून यादी करून घ्या, जुनी वेष्टनं आणि करार जपून ठेवा, नोंदणी करा आणि वारसाचं नाव त्याच वेळी लावून घ्या.