अंग कां आंबतें?

बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर सिंहगड चढून-उतरून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं अंथरुणांतून उठतांना कण्हूं लागला म्हणजे घरांतील वडील माणसें म्हणतात, "अंग आंबलें आहे." श्रमाच्या दुखण्याला आंबटपणाचें नांव मराठी भाषेनें पूर्वींच देऊन ठेविलें आहे, आणि मौज अशी कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील शास्त्रज्ञहि याच वाटेनें गेले. दमलेल्या स्नायूंत एक आम्ल सांचतें असें त्यांस आढळलें, आणि थकव्याचें व दुखण्याचें सारें खापर त्या आम्लावर फुटलें. पुढील संशोधनानें मात्र त्या आम्लाची बऱ्याच अंशीं निर्दोष सुटका केली आहे. मग माणूस थकतो कशानें, त्याचें अंग दुखतें कशानें, आणि तेच श्रम रोज केले असतां सोसूं लागतात ते कशानें? हे तीन प्रश्न निराळे आहेत व त्यांचीं उत्तरेंहि निराळीं आहेत.

श्रोत्यांनीं उजवा हात कोंपरांत वांकवून डाव्या हातानें दंड चांचपून पाहावा. जी बेडकुळी वर येते तो एक स्नायु. हाडांच्या सांगाड्याला हालविणारे असे सहाशेंहून अधिक स्नायु शरीरांत आहेत, आणि धडधाकट पुरुषाच्या वजनाचा सुमारें ४० टक्के भाग त्यांचाच असतो. प्रत्येक स्नायु म्हणजे केसाएवढ्या किंवा त्याहूनहि बारीक तंतूंची जुडी होय. या तंतूंच्या पोटांत प्रथिनांचे दोन जातींचे सूक्ष्म धागे असतात. जाड धागा मायोसिनचा व बारीक धागा ॲक्टिनचा. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तसे ते एकमेकांत शिरलेले असतात. स्नायु आंखडतो तेव्हां हे धागे स्वतः आंखूड होत नाहींत. ते एकमेकांवरून सरकून अधिक आंत शिरतात. ही गोष्ट १९५४ सालीं ह्यू हक्स्ले व जीन हॅन्सन, आणि ॲन्ड्र्यू हक्स्ले व रॉल्फ नीडरगेर्के, अशा दोन जोड्यांनीं एकाच वेळीं प्रसिद्ध केली. विहिरीचा दोर हातावर हात टाकीत ओढावा तशीं मायोसिनचीं असंख्य सूक्ष्म टोकें ॲक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात व पुन्हा पकडतात. मज्जातंतूकडून हुकूम आला कीं तंतूच्या आंतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडतें आणि ही ओढाओढ सुरू होते. कॅल्शियम परत कोठारांत गेलें कीं स्नायु सैल पडतो.

या ओढण्याला मोल द्यावें लागतें. तें रोख मोल म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट हें द्रव्य. तें १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोहमान यानें, आणि स्वतंत्रपणें अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के व यल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं शोधून काढलें. आंध्रांत जन्मलेले व मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयांत शिकलेले हे सुब्बाराव त्यापूर्वीं दोन वर्षें, १९२७ सालीं, फिस्के यांच्याबरोबर फॉस्फोक्रिएटिन या दुसऱ्या द्रव्याचा शोध लावून चुकले होते. गृहस्थाच्या संसारांतील व्यवहाराशीं या द्रव्यांची तुलना करतां येईल. पहिलें द्रव्य म्हणजे खिशांतील सुटी नाणीं. नेटाच्या कामांत तीं दोन-चार सेकंदांतच संपावयाचीं. दुसरें म्हणजे घरांतील पेटी. ती आणखी कांहीं सेकंद निभावून नेते. तिसरें धन स्नायूंत सांठविलेली पिष्टमय शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन. ही पेढीवरील ठेव होय. प्राणवायु पुरेसा मिळाला तर ती कित्येक मिनिटें, कित्येक तासहि पुरते. तो अपुरा पडला तरी ती घाईनें मोडतां येते, पण त्यांत मोठी तूट सोसावी लागते व दुग्धाम्ल उत्पन्न होतें. चौथी चरबी, हा जमीनजुमला विपुल खरा, परंतु त्याचा पैसा हातीं येण्यास वेळ लागतो. धांवत गाडी गांठणाऱ्याचा खर्च पहिल्या दोन धनांतून होतो. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याचा शेवटच्या दोहोंतून.

आतां थकव्याकडे वळूं लागलें असतां पहिलें नांव घ्यावें लागतें तें इटलींतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो याचें. त्यानें 'एर्गोग्राफ' नांवाचें एक साधें यंत्र केलें. हात घट्ट बांधून ठेवावयाचा, मधल्या बोटाला दोरीनें कांहीं किलोंचें वजन टांगावयाचें, आणि ठराविक ठेक्यावर तें बोट वांकवून वजन उचलावयाचें. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या कागदावर एक रेघ उमटवी. आरंभीं रेघा उंच येत, मग उतरत जात, शेवटीं बोट हालेनासें होई. ही उतरण प्रत्येक माणसाची निरनिराळी, पण त्या त्या माणसाची जवळजवळ हस्ताक्षरासारखी कायमची, असें मोस्सोला दिसलें. त्याहून विलक्षण गोष्ट निराळीच. त्याचा सहकारी माज्जोरा विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आला असतां त्याचें बोट नेहमींपेक्षां फार लवकर थकलें. बोटानें तर कांहींच काम केलें नव्हतें! मोस्सोनें १८९१ सालीं आपल्या ग्रंथांत हे प्रयोग मांडले, आणि थकवा केवळ मांसांत नसून हुकूम देणाऱ्या मेंदूंतहि असतो, हा विचार रूढ झाला.

स्नायूंत स्वतः काय बिघडतें याचा तपास केंब्रिजमध्यें फ्लेचर व हॉपकिन्स यांनीं केला. बेडकाचे स्नायु थकवले असतां त्यांत दुग्धाम्ल वाढतें आणि प्राणवायूंत ठेविले असतां तें नाहींसें होतें, असें त्यांनीं १९०७ सालीं दाखविलें. येथूनच आम्लावर आरोप आला. पण १९३० सालीं कोपनहेगनच्या लुंड्सगार्ड यानें एका विषानें स्नायूंतील दुग्धाम्लाची उत्पत्तीच बंद केली. तरीहि स्नायु कांहीं काळ आंखडत राहिले आणि मग थकले. आम्लावांचून थकवा येऊं शकतो हें यावरून उघड झालें. आज असें समजतें कीं, जोराच्या श्रमांत फॉस्फोक्रिएटिन फुटून जें सुटें फॉस्फेट सांचतें तें धाग्यांची पकड ढिली करतें आणि कॅल्शियमचें बाहेर पडणेंहि मंदावतें. म्हणजे हुकूम येतो, पण तो पुरता अंमलांत येत नाहीं. दीर्घ श्रमांत ग्लायकोजेन आटतें. दुग्धाम्लाचें म्हणाल, तर तें टाकाऊ राख नव्हे. हृदय व इतर स्नायु तें सरपणासारखें जाळतात, आणि यकृत त्याची पुन्हा साखर बनवितें. विसावा मिळाला कीं तासाभरांत रक्तांतील त्याचें प्रमाण बहुधा पूर्ववत् होतें.

तासाभरांत जें निघून जातें तें दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचें दुखणें कसें आणील? याचें उत्तर अमेरिकेंतील थिओडोर हफ यानें १९०२ सालींच दिलें होतें, आणि तेंहि एर्गोग्राफवरच प्रयोग करून. संवय नसलेल्या बोटाला कामास लाविलें असतां कांहीं तासांनंतर जें दुखणें सुरू होतें तें स्नायूंतील बारीक बारीक चिरांमुळें असावें, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनानें तो मुख्यतः खरा ठरविला. ओझें पेलतांना स्नायु ताणला जात असेल तर या चिरा अधिक पडतात. म्हणूनच गड चढतांना छाती भरून येते खरी, परंतु मांड्या धरतात त्या उतरतांनाच्या श्रमानें. कारण उतरतांना मांडीचे स्नायु शरीराचा भार आंवरीत आंवरीत लांब होत असतात. या चिरा भरून निघतात, व नंतर कांहीं आठवडे तोच श्रम केला तरी दुखणें पुष्कळ कमी होतें. जाणता वस्ताद तालमींत नव्या पोराला पहिल्याच दिवशीं शेंकडों बैठका मारूं देत नाहीं, थोड्या थोड्या वाढवितो, यांतील शहाणपण हेंच आहे.

यावरून सरावाचा प्रश्न ओघानेंच येतो. व्यायामानें बळ वाढतें म्हणजे नक्की काय होतें? पहिल्या कांहीं आठवड्यांत स्नायु फारसा जाड न होतांहि बळ वाढतें, कारण मज्जातंतु अधिक तंतूंना एकदम व नीट ठेक्यानें कामास लावावयास शिकतात. त्यानंतर स्नायूंचे तंतु जाड होऊं लागतात. त्यांची संख्या फारशी वाढत नाहीं. आहेत तेच तंतु आंत नवीन धागे विणून पुष्ट होतात. तंतूंच्या कडेला चिकटून राहिलेल्या ज्या लहान पेशी अलेक्झांडर माउरो यानें १९६१ सालीं पाहिल्या, त्या दुरुस्तीच्या व वाढीच्या कामीं येतात. धांवणें, पोहणें, दूर चालणें या दमाच्या व्यायामांचा परिणाम वेगळा. जॉन होलोझी यानें उंदरांना कित्येक आठवडे धांवावयास लावून १९६७ सालीं दाखविलें कीं, त्यांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रिया, म्हणजे जेथें प्राणवायूच्या साह्यानें इंधन जळतें त्या सूक्ष्म भट्ट्या, पुष्कळ वाढल्या व त्यांतील कांहीं एन्झाइमांचें बळ सुमारें दुप्पट झालें. जोडीला रक्ताच्या केशवाहिन्याहि वाढतात. म्हणून वजनें उचलणारा मल्ल बळकट होतो व दूर धांवणारा चिवट होतो. एकाचें भांडवल दुसऱ्याच्या कामीं पुरतेंपणीं येत नाहीं.

स्नायु केवढा हिशेबी असतो याचें सुंदर उदाहरण स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम व हुल्टमन या दोघांनीं १९६६ सालीं दिलें, आणि तें स्वतःच्याच पायांवर. एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंस बसून प्रत्येकानें एकच पाय चालविला. दुसरा पाय विसांवलेला ठेविला. श्रमलेल्या पायांतील ग्लायकोजेन पार संपलें. नंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. रक्त तेंच, अन्न तेंच. पण श्रमलेल्या पायानें विसांवलेल्या पायाच्या सुमारें दुप्पट ग्लायकोजेन सांठविलें. ज्यानें खर्च केला त्यालाच सांठवण्याची बुद्धि झाली! मात्र ही सांठवण विश्रांतींत व अन्नावर झाली, श्रम चालू असतां नव्हे. झोंप व जेवण यांस फांटा देऊन केलेला व्यायाम अर्धाच होय.

या हिशेबाची दुसरी बाजू घरोघर दिसते. ज्या स्नायूला काम नाहीं तो शरीर लवकरच मोडून खातें. निरोगी वृद्ध माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणांत ठेविलें असतां त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस कमी झालें, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत आढळलें. आजारांतून उठलेल्या आजोबांना प्रेमापोटीं "आपण उठूं नका, पाणी हातांत आणून देतों," असें म्हणणारें कुटुंब नकळत त्यांच्या पायांतील बळ हिरावून घेत असतें. आणि तें बळ म्हातारपणीं परत येत नाहीं, ही समजूतहि खरी नाहीं. बोस्टन येथें मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धांच्या आश्रमांतील सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुबळ्या माणसांना आठवड्यांतून तीन वेळां पायांनीं वजनें उचलावयास लाविलें. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें, आणि दोघांनीं चालतांना काठी टाकली. हा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वृत्तांतांत हेंहि नमूद आहे कीं, व्यायाम थांबल्यावर चार आठवड्यांत त्यांचें बळ ३२ टक्क्यांनीं उतरलें.

तात्पर्य, अंग आंबतें तें आंबटामुळें नव्हे, तर अनभ्यासामुळें. आंबलेल्या अंगाला एक-दोन दिवस हलकें चालणें, पोटभर अन्न व पुरी झोंप पुरे असते. एकाच जागीं तीव्र कळ येत असेल, सूज असेल किंवा लघवीचा रंग काळसर होत असेल, तर मात्र तें साधें आंबणें नव्हे. तेव्हां वैद्याकडेच गेलें पाहिजे. एरवीं थोडें ओझें, नित्य, आणि बेताबेतानें वाढविलेलें, एवढाच नियम विशीच्या तरुणास व नव्वदीच्या आजीबाईंस सारखाच लागू आहे. वृद्धांनीं वैद्याच्या सल्ल्यानें खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां पांच वेळां उठून बसण्यापासून आरंभ करावा. स्नायु वय विचारीत नाहीं. तो काल काय काम केलें एवढेंच विचारतो.