मुधोळचा शिकारी कुत्रा घरीं पाळतांना

शिकारींत कुशल अशा कुत्र्यास अमरकोशांत 'विश्वकद्रु' असें निराळेंच नांव आहे. त्या नांवास शोभेल असा आपल्याकडील प्राणी म्हणजे कारवानी, ऊर्फ मुधोळचा कुत्रा. मुधोळचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहांस तिची जोडी नजर केली. २००५ सालीं त्याचें चित्र भारतीय टपाल तिकिटावरही आलें. हा कौतुकाचा भाग झाला. परंतु हल्लीं हौसेनें शहरांतील लहान सदनिकांतही तो आणला जातो, याची आम्हांस काळजी वाटते.

हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. दूर कांहीं हाललें कीं तो सुटलाच. मग धन्याची हांक त्यास ऐकूं येत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार थांबली खरी, पण कायदा कुत्र्याच्या रक्तांत कसा उतरावा? शहरांत सशाऐवजीं मांजर असतें आणि माळाऐवजीं मोटारींचा रस्ता. म्हणून कुंपणाबाहेर त्याची दोरी क्षणभरही सोडूं नये. त्याचें डोकें मानेहून फारसें रुंद नसल्यानें साधा गळपट्टा सहज निसटतो. छातीभोंवतीं बसणारा पट्टा बरा. उंच भिंतीच्या आवारांत रोज मनसोक्त धांवावयास मिळालें, तर हाच प्राणी घरांत तासन्‌तास स्वस्थ निजतो. ज्यांस अशी जागा नाहीं, त्यांनीं दुसरी जात पाहावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्याच्या बरगड्या पाहून शेजारणी 'उपाशी ठेवतां कीं काय?' असें विचारतात. परंतु दोनतीन बरगड्या दिसणें हें या जातीच्या निरोगीपणाचेंच लक्षण होय; लाडानें तूपपोळी चारून त्यास लठ्ठ करूं नये. तथापि निव्वळ दूधभातावरही त्याचें भागत नाहीं. आपल्यासारख्या ज्या घरांत सामिष वर्ज्य आहे, तेथें पशुवैद्यास विचारून आहाराचा निर्णय पिल्लूं आणण्यापूर्वींच करावा. अंगीं चरबी अल्प असल्यानें भुलीचीं कांहीं औषधें त्यास जड जातात; शस्त्रक्रियेच्या वेळीं वैद्यास त्याची जात आवर्जून सांगावी. थंडींत अंथरूण मऊ व उबदार असावें.

परक्यानें अंगास हात लावलेला त्यास खपत नाहीं. पाहुण्यांच्या मुलांस हें आधींच बजावावें. पिल्लूं घेणें तर मुधोळजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वान संशोधन केंद्र आहे, तेथें चौकशी करावी. अन्यत्र घेतल्यास निदान त्याची आई डोळ्यांनीं पाहावी.